चुकलेला बैल आणि आलेली मुलगी

बूल महिना, नांगरणीचा, ३
सकाळी अंगणात बैल! आपला नव्हे. तांबडा, एक शिंग मोडकं, आणि बसला कुठं — माझ्या वाळत घातलेल्या लोकरीवर. नवरा खूश. "ऐन नांगरणीत देवानंच धाडला!" सासूबाई कडाडल्या, "शम्मूआ, देवानं कायदाही धाडलाय. चुकलेलं जनावर सांभाळायचं, धनी आला की द्यायचं."

बूल ४
शम्मूआ वेशीत जाऊन येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांना सांगून आला — तांबडा बैल सापडलाय, ज्याचा असेल त्यानं न्यावा.

बूल ६
बैल खातोय. खातच सुटलाय! आज मडकंही फोडलं. बरंच झालं, लिहायला खापऱ्या मिळाल्या. बाबा लेखनिक, त्यांनी अक्षरं शिकवली. सासूबाई म्हणतात, "अक्षरांनी चूल पेटते का गं?"

बूल ९
भर दुपारी दारात एक मुलगी. पाय रक्ताळलेले. नाव तिम्ना. सपाटीवरच्या हदोरामकडची दासी, पळून आलीय. सहा दिवस झुडपांत लपत चालली. बैल बघून किंचाळलीच — त्याचाच! गोठ्याचं दार उघडं टाकून पळाली होती, बैल सरळ रस्त्यानं तिच्याआधी पोचला.
म्हणजे दवंडी आम्हीच पिटली की!
शम्मूआचा चेहरा उतरला. "आई, तो येणार." सासूबाईंनी पाणी घेतलं आणि तिचे पाय धुतले. माझे कधी धुतले नाहीत!

शब्बाथ
तिम्नाला हातांचं काय करावं कळेना. "आज काम नाही? मलासुद्धा?"
"तुलासुद्धा. बैलालासुद्धा," सासूबाई म्हणाल्या.
दुपारभर झोपली.

बूल १२
आला. चार माणसं, काठ्या. शम्मूआनं दावं हातात दिलं — "घ्या तुमचा बैल." हदोराम हसला. "भली माणसं तुम्ही! आता आत आहे तीही द्या."
शम्मूआ दारात आडवा उभा राहिला — माझा शम्मूआ, जो कोंबड्याला घाबरतो! "ती नाही मिळणार."
"बैल परत करायचा कायदा पाळता, आणि हिचं काय?"
मागून सासूबाई, "हिचाही कायदाच आहे. धन्यापासून पळून आलेल्याला धन्याच्या हाती द्यायचं नाही. बैल वाट चुकला होता. ही वाट काढून आलीय!"
तोवर वेशीतले म्हातारे जमले होते. ते आमच्या दारापुढं उभे राहिले, एकही हलला नाही. हदोराम बैल घेऊन गेला. मी बसून हसत सुटले, मग रडले.

बूल १३
तिम्नाला गावात हवं तिथं राहता येईल. तसं सांगितलं तर विचारते, "गावाला कळलं मी कोण, तर?"
सासूबाई मसूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आले तेव्हा तुझ्याएवढीच होते. अशीच, रक्ताळल्या पायांची. चाळीस वर्षं झाली. गावातल्या एकानंही माझ्या मुलाला सांगितलं नाही."
शम्मूआ दारातच उभा होता.