नऊ सुरुंग, आठ आवाज

निरोप गेला आहे. रंभा येईपर्यंत मृत्युपत्राची पहिली कलमे लिहून घेतो.

मी आनंदा धर्मा घरत, वय ७३, राहणार बेलपाडा, तालुका पनवेल. गावामागच्या डोंगरात एकोणतीस वर्षे सुरुंग भरले. डावा कान गेला आहे. डोके शाबूत आहे. हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही.

१. सुरुंग ठासायचा लाकडी दांडा पुतण्या मिथुन याला. तो बँकेत आहे, त्याला उपयोग नाही. तरी ठेवावा.

२. दगड फुटल्यावर पोकळीत सापडलेले हिरवे स्फटिक, सात नग, गावच्या शाळेला. खाणमालकाच्या वारसांना काही नाही. डोंगर त्यांनी आधीच नेला.

३. राहते घर रंभा जगन भोईर हिला. कारण: १९९४ साली एका दुपारी मी नऊ सुरुंग भरले. आवाज आठ झाले. दोन एकदम उडाले असे मी धरले. एकही आवाज कमी झाला तर कोणाला आत सोडायचे नसते. ट्रक खोळंबले होते. मी आत जायची शिट्टी दिली. तिचा नवरा जगन पहार घेऊन आत गेला. नववा तेव्हा उडाला. चौकशीत मी सांगितले, जगन शिट्टीआधीच घाईने गेला. ते खोटे होते.

रंभा आली. तिला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "घाई? जेवाला तीन हाका मारायला लागायच्या त्याला."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

तिने साक्षीदाराची सही करायला पेन मागितले. शेजारी बसलेल्या वकील अनुया म्हणाल्या, "मावशी, घर तुम्हाला मिळतंय. तुमची साक्ष नको. लोक म्हणतील, घरासाठी सही केली."

"मंग घर नको. सई कुठं करू, ती जागा दाव."

"मावशी, घर आहे ते."

"आयकलं मी."

म्हणून कलम ३ मधले तिचे नाव खोडले. कारण तसेच ठेवले. घर कोणाला द्यायचे ते सुचत नाही. जागा कोरी सोडतो.

लिहून देणार: आनंदा धर्मा घरत (सही)

समक्ष सह्या:
रंभा जगन भोईर
ॲड. अनुया कडू

बेलपाडा, ९ फेब्रुवारी २०२५

१० फेब्रुवारी. सकाळी रंभाने तिसऱ्या कलमाच्या झेरॉक्स काढून गावात घरोघर दिल्या. एक मलाही दिली.