बन्सीदादाचे चार हंडे

शिरूर (घोडनदी)
शुक्रवार, १० डिसेंबर २००४

ती. म्हाळूमामांना,
राजश्रीचा सप्रेम जयभीम.

बन्सीदादा लग्नाला नाही का म्हणतो? तुमच्या पत्रातला हा प्रश्न मी स्वतः तीनदा वाचला, एकदा आईला वाचून दाखवला, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, तुला न्हाई कळणार तर कुणाला?’ मामा, बी.ए.ला हा विषय नव्हता. समाजशास्त्रात कुटुंबसंस्थेचा एक धडा होता, पण त्यातल्या कुटुंबातलं कोणीच बन्सीदादासारखं वागत नव्हतं.

तरी रीतीप्रमाणे आधी चौकशी करते. सहा डिसेंबरला दादरला जाऊन सुखरूप परत आलात ना? मामींचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे, दाढ काढायला मात्र अजून तयार नाही. आता एक विनंती. हे पत्र पार्सल ऑफिसात बाळासोंकडून वाचून घेऊ नका. (माणूस चांगला आहे, पण मागच्या पत्रातली आईची दाढ दौंडच्या सगळ्या फलाटांना कळली होती. नंतर एक तिकीट तपासनीस शिरूरला आला तेव्हा आईला लवंग ठेवायला सांगून गेला.) चष्मा लावून स्वतः वाचा. त्यासाठी मी अक्षर मोठं काढलंय.

तुमच्या कानावर जे आलंय ते अर्धं खरं आहे. सणसवाडीला बन्सीदादाच्या खोलीत फिल्मचं शूटिंग झालं आणि ते मीच घडवून आणलं. पण तुमचा मुलगा त्यात हिरो नाही, आणि मी काम करते त्या वाचनालयाच्या सभागृहात २३ तारखेला आम्ही ती फिल्म दाखवणार आहोत तेव्हा तुम्ही यवतच्या मारुतरावांना, बन्सीदादासाठी बघितलेल्या त्यांच्या मुलीला आणि रेल्वे कॉलनीतल्या मंडळींना जीपमध्ये घालून आणणार हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाहीये. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

पुण्यातल्या एका शिबिरात मला सोहेब नावाचा मुलगा भेटला. फिल्मचं शिक्षण घेतलेला, बोलायला अगदी हळू. त्याला कामगारांच्या जीवनावर फिल्म करायची होती आणि त्यासाठी खरी खोली हवी होती. कामगारांचं जीवन म्हटल्यावर माझा उत्साह तुम्हाला माहीत आहे. मी बन्सीदादाची खोली ठरवली, घरमालकीण ताईबाईंची परवानगी काढली आणि कंत्राटी पद्धतीवर सहा पानी टिपण लिहून सोहेबला दिलं. त्यानं ते फार आदरानं घेतलं. (पुढं त्याचा उपयोग कॅमेऱ्याच्या तिकाटण्याखाली झाला. तिथली फरशी खालीवर आहे.)

ऑगस्टात मंडळी आली. सोहेब, त्याचे तीन मदतनीस आणि दोन नट. कॅमेरा लग्नातल्या व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यापेक्षाही लहान होता, ते बघून ताईबाईंनी तिथंच निम्मा रस सोडला. कसला पिच्चर म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा घाईत माझ्या तोंडून गेलं, कंपनीतल्या सुरक्षिततेवर. नंतर तीन दिवस त्या मला विचारत होत्या, ‘अगं, पर टोपडी कुठंयत ह्यांची?’ टोपडी म्हणजे हेल्मेट.

गोष्ट अशी होती. दोन कामगार, दोन वेगळ्या कंपन्या, खोली एक, खाट एक. एक पहिल्या पाळीला जातो, दुसरा तिसऱ्या पाळीहून येतो. एकाचं अंथरूण गरम असतानाच दुसरा त्यात झोपतो. एकमेकांना धड दिसतात ते फक्त गुरुवारी, कारण सुट्टी गुरुवारी. (सोहेबनं रविवार लिहिला होता. बन्सीदादानं दारातूनच सांगितलं, ‘हिकडं रविवारी कारखाना बंद नसतो, दादा. गुरुवारी लाईट नसती म्हणून सुट्टी गुरुवारी.’ तेव्हापासून सोहेब त्याला सगळं विचारून करायला लागला.) सात महिन्यांनी एकाला कंत्राटदार ब्रेक देतो, म्हणजे कायम करायला लागू नये म्हणून कामावरून कमी करतो, आणि तो निघून जातो. एवढंच.

मी पहिला पूर्ण दिवस अन्याय कुठं येतो याची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संप येईल असं वाटलं. संप आला नाही. दोघं भाकरी खात होते, एक दुसऱ्याच्या शर्टाचं बटण लावत होता, आणि कॅमेरा ते बटण चार वेळा घेत होता. शेवटी मी वही घेऊन सोहेबकडे गेले आणि विचारलं, यात शोषण नेमकं कोणाचं आहे? तो म्हणाला, ‘ताई, ही प्रेमाची गोष्ट आहे.’ मी विचारलं, कोणाकोणाच्या? तो म्हणाला, ‘या दोघांच्या.’ मी बरं म्हणाले, वहीत ‘या दोघांच्या’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि ताईबाईंकडे चहाचं बघायला गेले. साखर घालायला विसरले. सगळ्यांनी तसाच प्यायला.

मामा, मी गोंधळले होते हे कबूल करते. मी स्वतःला पुढारलेल्या विचारांची समजते, व्यासपीठावर समतेवर बोलते, माझ्या भाषणाला टाळ्याही पडतात. आणि इथं दोन माणसं एकमेकांजवळ बसली होती, त्यांनी कोणाचंही काही घेतलं नव्हतं, तर मला कुठं बघावं कळेना. नंतर शिरूरला परतल्यावर वाचनालयात कोश काढला. या विषयावर एक परिच्छेद सापडला. तो वाचल्यावर मला आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं.

शूटिंगच्या त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी तापाचा प्रसंग होता. एका नटाला ताप आलाय आणि दुसरा त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून हात धरून बसलाय. ताईबाई दारात तांदूळ निवडत होत्या. हे सुरक्षिततेत कसं बसवावं याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्या आपणहून म्हणाल्या, ‘आता कसं बेस केलं! मुजीबला ताप आल्ता तवा आपल्या बन्सीनं आस्संच केल्तं. तीन पाळ्या बुडवल्या येड्यानं.’ आणि पुढचं तक्रारीच्या सुरात: ‘मुजीब जाऊन धा महिने झालं. हा एकटा ऱ्हातो आन् अजून चार हंडं भरतो. माणशी दोन ठरल्यात. आंघोळ करतो का म्हस धुतो?’

बन्सीदादा पहिली पाळी करून नुकताच आला होता. कंपनीच्या निळ्या शर्टात भिंतीला टेकून उभा होता. त्यानं खाली बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मामा, मला बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाला आहे, पण त्या वेळी माझ्या डोक्यात जे हळूहळू शिरलं ते ताईबाईंच्या तांदळातले खडे निघत होते त्यापेक्षाही सावकाश शिरलं.

मुजीब तुम्हाला आठवत असेलच. बन्सीदादाचा खोलीतला जोडीदार, नगरकडचा. मागच्या वर्षी बुद्धजयंतीला तो दौंडला आला होता, खीर तीनदा घेतली, आणि तुमचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर उघडून सुरू केला. निघताना मामींनी त्याला टॉवेल-टोपी दिली. त्या टोपीत तो एसटीत बसला तेव्हा तुम्ही आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘ह्यो पोरगा आपल्याच घरातला वाटतो.’ मी हे वाक्य आठवून मुद्दाम लिहीत नाहीये. (मुद्दामच लिहितेय.) पुढं ऑक्टोबरात त्याला ब्रेक मिळाला आणि तो भावाच्या गॅरेजवर भिवंडीला गेला. सात महिने होता तो. म्हणजे तीसेक गुरुवार.

तिसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग. जोडीदार गेलाय, मागं राहिलेला उशी छातीशी धरून रडतो, असं कागदावर होतं. नटानं चार वेळा रडून दाखवलं, चांगलं रडला, माझेही डोळे भरले. पण दारातून बन्सीदादा म्हणाला, ‘न्हाई. तसं न्हाई करत.’ सोहेबनं विचारलं, मग कसं करतात? बन्सीदादा आत आला. त्यानं दोन्ही हातांत हंडे घेतले, नळावर गेला, भरून आणले, परत गेला, परत आणले. चारही एका ओळीत ठेवले. शर्टाच्या बाहीनं त्यांचे काठ पुसले. मग बसून राहिला. बराच वेळ. मग उठला, त्यातले दोन हंडे एकेक करून बाहेर नेले, ताईबाईंच्या पपईच्या झाडाला ओतले, आणि आत आणून पालथे घातले.

कॅमेरा चालू होता. थांबा असं कोणी म्हणालंच नाही. ताईबाई ‘पाणी वाया—’ एवढं म्हणाल्या आणि त्यांनीच तोंडावर पदर धरला. नट जागचा हलला नाही. फिल्ममध्ये आता शेवटी तेच आहे. बन्सीदादाचा चेहरा दिसत नाही, नुसते हात दिसतात, दीड मिनिट. मनगटावर तुम्ही दहावीला दिलेलं घड्याळ आहे. हिरो म्हणजे तेवढाच. त्यानं सोहेबला ते ठेवायला स्वतः परवानगी दिली, हेही सांगून ठेवते.

त्या संध्याकाळी तो मला एसटीला सोडायला फाट्यावर आला. बसची वाट बघताना त्यानं विचारलं, ‘राजू, कळलं ना तुला?’ मी कळलं म्हणाले. (निम्मं कळलं होतं. बाकीचं अजून रोज थोडं थोडं कळतंय.) मग तुमचा विषय काढून म्हणाला, ‘आप्पांना मला न्हाई सांगता येत. लई येळा दौंडला गेलो, दोनदा तर तोंड उघाडलं, आन् भाजी वाढा म्हणलो. तुला लिव्हता येतं, तू लिव्ह.’ मी हो म्हणाले आणि चार महिने लिहिलं नाही. परवा तुमचं पत्र आलं, जीप वाचली, तेव्हा बसले.

मामा, तुम्ही आयुष्यभर पार्सलं हाताळली. पाठवणारा एक असतो, घेणारा एक असतो, आणि मधल्यानं ते न आपटता पोचवायचं असतं. मी फक्त मधली आहे. पाकिटावर बाहेरून ‘काच, सांभाळून’ असं लिहायचं फार मनात होतं, पण बाळासोंनी तेवढ्यानंच ते उघडलं असतं.

तुम्ही विचारलंय, कुणा मुलीची भानगड आहे का? नाही, हे मी छातीठोक सांगते. दारू नाही, सट्टा नाही, कोणी बाहेरची करणी केलेली नाही. (मामींना हे शेवटचं नीट वाचून दाखवा आणि लिंबं आणू नका म्हणावं.) तो आजारी नाही. तो नेहमी होता तसाच आहे. ताईबाई म्हणतात, शूटिंगच्या दिवसापासून तो दोनच हंडे भरतो. आता त्यांना त्याची जास्त काळजी वाटायला लागली आहे. रोज सकाळी विचारतात, ‘अजून एक भर की रं.’

मग लग्नाला नाही का म्हणतो? बघा, एवढी पानं लिहून मी पुन्हा तिथंच आले. तो नाही म्हणतो कारण त्याला एका मुलीला आयुष्यभर फसवायचं नाही, असं मला वाटतं. पण हे मला वाटतं. खरं उत्तर त्याच्याकडे आहे आणि ते द्यायला तो तयार आहे, फक्त समोरच्या माणसानं भाजीचं पातेलं पुढं न सरकवता ऐकायला हवं. यवतच्या मुलीचा फोटो तुम्ही बन्सीदादाला दाखवून होकार घेण्यासाठी माझ्याकडे दिला होता, त्याची काळजी करू नका. तो सुरक्षित आहे.

मामींना नमस्कार, घरच्या सगळ्यांना आठवण. गुडघ्याला गरम विटेचा शेक द्या.

तुमची भाची,
राजश्री

ता. क. : २३ तारखेला या, पण जीप आणू नका. तुम्ही आणि मामी, दोघंच. गुरुवार आहे, त्याला सुट्टी असते. पहिल्या रांगेत तीन खुर्च्यांवर मी पिशव्या ठेवून जागा धरेन. मधली त्याची.

ता. क. दुसरं : या पत्राचा कच्चा खर्डा काल त्यानं पूर्ण वाचला. दोन ओळी त्यानं खोडल्या होत्या, म्हणून मी ते पान पुन्हा लिहिलं. दोन्ही ओळींत मी त्याला ‘बिचारा’ म्हटलं होतं.

ता. क. तिसरं : फोटो सुरक्षित आहे असं मी वर लिहिलं ते खरं आहे, पण तो माझ्याकडे नाही. काल गुरुवारी बन्सीदादाला घेऊन मी यवतला गेले आणि मारुतरावांच्या हातात तो परत दिला. आमच्या मुलाला लग्नच करायचं नाही, तुमच्या मुलीत काही उणं नाही, एवढंच सांगितलं. ते रागावले, पण चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. मुलगी तो फोटो वडिलांकडून घेऊन आम्हाला स्टँडपर्यंत पोचवायला आली. तिला नर्सिंगला जायचंय, फॉर्म तिच्या पिशवीतच होता, आणि त्यावर लावायला दुसरा फोटो नव्हता. वाचनालयाची कात्री आणि डिंकाची बाटली माझ्याकडे नेहमी असते. तेव्हा मामा, तो फोटो आता परत मागवता येणार नाही. स्टुडिओतली कुंडी आणि साडी मी कापून टाकली, चेहरा फॉर्मवर चिकटवला आणि फॉर्म तिच्यासमोर स्टँडवरच्या टपालपेटीत टाकला.