कौसामावशींचा डावा पाय

६ जानेवारी
उपकेंद्रात कौसामावशी आल्या. तळपाय भाजलेला. चुलीपुढं निखाऱ्यावर पाय पडला, कळलंच नाही. "सिस्टर, कापसावर चालल्यावाणी लागायलंय." शुगर नॉर्मल. जीभ लालबुंद, गुळगुळीत. अंडं-मटण कधीच नाही, दूध चहापुरतं. बी-१२ची कमतरताच असणार, पैज लावते.
मुलगा दत्ता म्हणे, "वय झालं. सलाईन लावा, ताकद येईल."
"ते मिठाचं पाणी हाय. आधी रक्त तपासून आण." ड्रेसिंग केलं, चिठ्ठी दिली. गंगाखेडला जा म्हटलं.

१० जानेवारी
रिपोर्ट आला. बी-१२ फार कमी. माझंच खरं निघालं.
डॉ.शी फोनवर बोलले. बी-१२चं इंजेक्शन एक दिवसाआड, स्नायूत. मग डॉ. म्हणाले, लोह-फॉलिकच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ नसेल तर नसा आतून बिघडतच जातात. कुणी दिल्या गोळ्या?
मीच, मावशींना थकव्यासाठी. सहा महिने. पायांचं एकदाही विचारलं नाही.

११ जानेवारी
पहिलं इं. लाल औषध बघून मावशी, "रगत हाय का गं?" हसले. हात नेहमीसारखा स्थिर. गोळ्यांचं मात्र सांगितलं नाही.

१५ जानेवारी
तिसरी सुई. सांगून टाकलं. "मावशी, त्या गोळ्या देताना पायाचं विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं."
"मी तरी कुटं सांगितलं? म्हातारपण म्हणून गप बसले."
दत्ता उठून बाहेर गेला. पुढच्या सुईला येतील की नाही...

१७ जानेवारी
आल्या. दत्तानंच गाडीवर आणलं.

३० जानेवारी
जिभेची आग थांबली, ठेचा खायलेत. पायातल्या मुंग्याही कमी. गल्लीतल्या चौघी आल्या, "आमाला बी लाल सुई द्या, ताकदीची." चौघींच्या जिभा बघितल्या, पायांचं विचारलं. दोघींना तपासणीला पाठवलं, दोघींना घरी. तोंडं वाकडी झाली. होऊ देत. गोळ्यांच्या वहीत आता पायांचा रकाना आखलाय.

२ मार्च
जखम भरली. मावशींना डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला, कुठं हलवला ते सांगा म्हटलं. उजवा दरवेळी बरोबर. डावा चुकतो.
दत्ता: "डावा येईल का?"
"वर्षभर लागू शकतं. पूर्ण येईल असं डॉ. सुद्धा सांगत नाहीत. पण एकही सुई चुकू देणार नाही."
"वर," मावशी मधेच म्हणाल्या. डावा अंगठा खाली होता. मी तोंड उघडलं.
"थांब, सांगू नको. परत हलव."