फक्कीनं आखलेली घरं

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय राजशेखर,

तुझा निरोप पोचला. सोमवारी आपल्या जागेवर भूमिपूजन आहे आणि पायाची आखणी मी करून द्यावी, अशी तुझी इच्छा. निरोप्या म्हणाला, गुरुशांतच्या हातची रेघ पडली की सभासद गप बसतील, असं चेअरमनसाहेबांचं म्हणणं आहे. सोसायटीचा चेअरमन होण्यापूर्वी तू मला निरोप धाडत नव्हतास, खिडकीखाली उभा राहून शीळ घालत होतास. असो. उत्तर शेवटी देतो. तोंडावर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून आधी जे आहे ते इथं नीट मांडतो.

ती जागा आठव. अक्कलकोट रोडच्या आत, बाभळी तोडून आपण दोघांनी साफ केलेली. भाड्याच्या एकेका खोलीत सगळं खटलं कोंबून राहणारे आपण सारे; कुणी मागावरचे, कुणी विड्या वळणाऱ्या, दोघं रिक्षावाले, मी गवंडी. पोटाला चिमटा घेऊन सोसायटी काढली, जागा घेतली. कागदावरचा नकाशा बायकांना कळेना, म्हणून मी जागेवरच सूत धरलं, तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं काटकोन काढले आणि चुन्याच्या फक्कीनं सगळी घरं खऱ्या मापाची आखली. मी कॉलेजात गेलो नाही, जुन्या भिंती पाडता पाडता आणि रात्री पुस्तकं चाळून शिकलो. पण त्या आखणीतल्या कुठल्याही कोपऱ्याला गुण्या लाव, रेघ हलायची नाही.

बायका बघायला आल्या आणि रेघांच्या आत शिरताना चपला काढून शिरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. गंगम्मानं विड्यांचं सूप मांडीवर घेऊन, बसून बघितलं. म्हणाली, "हितं पाठ टेकती, पन पानावर उजेड पडत न्हाय. खिडकी सरकव की." मी रेघ पुसली आणि खिडकी सरकवली. तुझ्या आईनं, शिवम्माअव्वानं, तीन दगड मांडून चुलीची जागा धरली. तू त्यांना हाक मारत तसाच रेघ ओलांडून आत आलास, तर केवढ्या रागावल्या. "भिंतीतनं काय येतोस रे? दारातनं ये की." सगळी जागा हसली होती. तू खरंच मागं जाऊन, मी सोडलेल्या मोकळ्या जागेतून आत आलास.

बेत तुला पाठ होता. दोन घरांत एक भिंत सामायिक, म्हणजे विटा वाचतात. आधी प्रत्येकाला एक खोली, मोरी, संडास. शेजारी दुसऱ्या खोलीचा पाया भरून ठेवायचा, ज्याची जशी ऐपत होईल तसं त्यानं चढवायचं. हे तू सभेत माझ्यापेक्षा चांगलं सांगायचास. बिल्डर आला तेव्हा मी आडवा आलो नाही. रस्त्याकडची पट्टी त्याला देऊ, त्यानं तिथं दुकानं काढावीत आणि बदल्यात मागं आपली घरं उभी करून द्यावीत, हे मीच सुचवलं. लई चांगलं, म्हणालास.

मग मी भाचीच्या लग्नाला मैंदर्गीला गेलो. सभा तोंडावर आहे, थांबू का, असं विचारलं तर म्हणालास, "तू निवांत जा, मी हाय की." परत आलो तर सभा झालेली, ठराव झालेला, पट्टी नव्हे तर सगळीच जागा त्याला दिलेली. सात मजले. सभासदांना प्राधान्यानं फ्लॅट, पण विकत; आणि त्या फ्लॅटच्या कर्जासाठी विड्या वळणाऱ्या बाईला कुठली बँक खुर्ची देणार आहे? परवडत नसेल तर भरलेली रक्कम घेऊन मोकळं व्हायचं. तुला मात्र तळमजल्यावर कोपऱ्याचं दुकान. खरं सांगतो, दुकानाचा मला राग नाही. हाव मला समजते, मलाही आहे.

जे समजत नाही ते असं. गंगम्मा नळावर दिसली, तर तिनं घागर उचलता उचलता म्हटलं, "या मालक. आमाला खाली सोडून वर चढलात की." मी विचारलं, काय झालं. तेव्हा तिनं सांगितलं. सभेत कुणी हात वर करेना. मग तू उठून म्हणालास, "गुरुशांतला विचारलंय, त्याचा होकार हाय." आणि हात वर गेले. तिचासुद्धा.

राजशेखर, माझ्याकडं घर नाही. मी बांधलेल्या भिंतीला लोक डोळे मिटून पाठ टेकतात, एवढीच माझी इस्टेट. ती तू मला न विचारता वापरलीस, आणि तीही त्याच लोकांना बेघर करायला. त्या दिवशी महेश्वरीनं भाकरी वाढता वाढता हळूच विचारलं, "तुमी हो म्हनला न्हवता नव्हं?" बायकोला असं विचारावंसं वाटलं, ते तुझ्यामुळं.

आता उत्तर. आखणी मी करतो, पण आपली. रविवारी सूत आणि फक्की घेऊन जातोय. सगळी घरं जुन्या मापानं पुन्हा आखणार, गंगम्माची सरकवलेली खिडकी धरून. सोमवारी सकाळी बायका आपापल्या घरात चूल मांडून बसतील; भूमिपूजनाच्या मांडवाचा खांब रोवायचा तर तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रोवावा लागेल. होकार माझा नव्हता, हे मी दारोदार जाऊन सांगितलंय, आणि पुन्हा सभा बोलवायच्या अर्जावर सह्या झाल्यात. तुझं घरही आखतोय, होतं तिथंच, माझ्या भिंतीला लागून. त्यात शिवम्माअव्वा बसणार आहेत. मी बोलावलं नाही. काठी टेकत त्या स्वतः आल्या आणि विचारून गेल्या, "माजी चूल हाय का रे अजून तितं?" हे तुला आधी कळवतोय, कारण पाठीमागं काही करणं मला जमत नाही. आलास तर चपला बाहेर काढ. आणि दारातनं ये.

सामायिक भिंतीपलीकडचा तुझाच,
गुरुशांत