तुमचा अशोक आमच्या गटात आला

अहो,

नाव घ्यायची सवय नाही, म्हणून पत्रातही अहोच. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच लिहितेय, कारण हे पोरांपुढे बोलता येत नाही. काल तुमचा धाकटा भाऊ अशोक आमच्या गटात आला. पाहुणा म्हणून नाही, पेशंट म्हणून!

गट म्हणजे, पंचवटीत एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही दर शनिवारी स्मृतिभ्रंश झालेल्यांना जमवतो. गाणी म्हणतो, शेंगा सोलायला देतो. तेवढा वेळ घरच्यांना श्वास घेता येतो. तुमच्या आजारपणात मला जे कुणी दिलं नाही, ते मी आता लोकांना देते. पुण्य म्हणून नव्हे, रागानं!

राग कसा जाईल? मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवून, फुलबाजारात पाट्या वाहून तुम्ही अशोकला शिकवलंत. तुम्ही माणसं विसरायला लागलात आणि त्यानं आपल्या घरी येणंच सोडलं. स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला फोन केला, "वहिनी, दादाला आणू नका. व्याह्यांसमोर शोभा नको."

लग्नाच्या दिवशी तुम्ही मात्र सकाळपासून नवा सदरा घालून ओट्यावर बसला होतात. "अशोकची गाडी आली का गं?" संध्याकाळपर्यंत तेच! मी काय सांगणार होते? आणि तुमच्या दशक्रियेला रामकुंडावर हाच अशोक माइक धरून म्हणाला, "दादा माझे वडीलच होते." लोकांनी डोळे पुसले. माझे कोरडेच होते.

तुम्ही तरी त्याला कधी बोललात का हो? एकदा तरी?

काल त्याची बायको, सुनंदा, त्याचा हात धरून दारात उभी होती. मला बघून रडायलाच लागली. "वहिनी, तुम्ही एकटीनं कसं केलंत हो सगळं?"

"एकटीनं का करावं लागलं, ते विचार," मी म्हणाले.

अशोकनं मला ओळखलं नाही. माझा पदर धरून म्हणाला, "बाई, आमच्या दादाला निरोप द्या ना. मला न्यायला ये म्हणावं. इथं ओळखीचं कुणी नाही."

अहो, अगदी जिभेवर आलं होतं! गेला तुझा दादा, तुझी वाट बघून गेला, असं तोंडावर सांगावंसं वाटलं. पण अशा माणसाला ही बातमी देऊ नये, दर वेळी त्याला ती नवीच असते, हे नव्या स्वयंसेवकांना मीच शिकवते ना! सुनंदा माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाले, "मळ्यात आहेत. फुलं तोडून झाली की येतील."

तो लगेच शांत झाला. चहासुद्धा प्यायला. मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही. तुमच्यापाशी येऊन घटकाभर बसायला त्याला काय झालं होतं!

शब्द देते, अशोकला मी सांभाळून घेईन. अंघोळ कशी घालायची, चिडला तर काय बोलायचं, सुनंदाला सगळं शिकवीन. तो दादाला हाक मारेल, तेव्हा दर वेळी "येतायत" म्हणेन. माफ करायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा. ते माझ्यानं होणार नाही.

तुमची,
शालन