कुंभारकावळा

आबा,

काल लोणावळ्याजवळच्या राखीव जंगलात गेले होते. पक्षी बघायचा छंद वगैरे काही नाही. निवृत्त झाल्यापासून रविवार अंगावर येतो, फोन करावा असं कोणी उरलं नाही, म्हणून नाव नोंदवलं. पुण्याची आठ-दहा माणसं, गळ्यात दुर्बिणी, आणि फिरवायला वनखात्यातल्या एक बाई. करवंदीच्या जाळीपाशी त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. जाळीतून एक काळा पक्षी चालत बाहेर आला. विटकरी पंख, लालभडक डोळे, उडायची घाई नाही. बांधावरून पाणी बघत निघालेल्या माणसासारखा. "भारद्वाज!" कोणीतरी पुटपुटलं. "व्हय," बाई म्हणाल्या, "आमी ह्येला कुंभारकावळा म्हन्तो."

आबा, इतकी वर्षं मला ते दोन वेगळे पक्षी वाटत होते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मले आणि भारद्वाज पहिल्यांदा पाहिला तो म्हातारपणी, रांगेत उभं राहून.

मी अकरावीत आहे. तळेगावच्या मैत्रिणी पहिल्यांदाच मावळातल्या टाकव्याला, आपल्या घरी आल्यात. तुम्ही खाचरातून येता, पाय चिखलाचे, तोंडभर हसू. "सकाळीच कुंभारकावळा दिसला. तवाच म्हनलं, आज घरी लक्षुमी येनार." मैत्रिणी तोंडाला रुमाल लावतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "कावळा कसला शुभ, आबा? शुभ असतो तो भारद्वाज. माहीत नसलं तर बोलू नये." तुम्ही पाय धुता धुता थांबता. "आसंल बाई. तू शिकलेली." त्या दिवशी तुम्ही पडवीतच जेवलात. पुढं पक्षी दिसला की आईला सांगायचात, मी आले की गप्प व्हायचात. मला नोकरी लागली त्या सकाळीही तुम्हाला तो दिसला होता, हे आईकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर.

तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढंच लिहायला बसले होते. पोस्टात टाकायचं नाही असल्या पत्रात तरी खोटं कशाला, म्हणून राहिलेलंही लिहिते. माझे डोळे भरलेले त्या बाईंनी पाहिले. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमी हितल्याच का? मावळातल्या?" मागं ती सगळी मंडळी उभी होती.

"नाही," मी म्हणाले, "पुण्याची."