कल्याणीची सीडी

रविवार, ७ डिसेंबर २००३, निमोणे

वर्गातल्या कल्याणीचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, बास.

आज आमच्याच गावच्या शाळेत डेंटल कॉलेजचं दंतशिबिर होतं. सकाळी सरांनी विचारलं, कॉम्प्युटरवर शिकणं बरं की समोर बघून? मी तावातावानं म्हटलं, समोर बघूनच! कल्याणी नुसती हसली. दौंडला तिच्या घरी कॉम्प्युटर आहे. दाढ काढायची सीडी ती दहा-दहा वेळा बघते.

मग आप्पा, माझे चुलते, खुर्चीत बसले. मी भुलीची सुई घेऊन वाकले, तर ते ओरडलेच, "आगं, ह्या अंगाची न्हाई, त्या अंगाची दुखतीया!"

सगळा गाव हसला. कल्याणीनं सुई घेतली, दाढ काढली. आप्पांनी काय म्हणावं? "दौंडच्या पोरीचा हात लई हलका हाय."

माझे सख्खे चुलते!

पण माझं चुकलं कशानं? कॉलेजात खुर्चीभोवती पंधरा जण. मला जागा मिळते ती पेशंटच्या पायाशी. तिथून त्याचं तोंड डावं-उजवं उलटं दिसतं, तेही सरांचं कोपर हललं तर. सीडीत म्हणे सगळं डॉक्टरांच्या खांद्यावरून दिसतं. आणि मी कशाची बाजू घेऊन भांडले? त्या कोपराची?

निघताना कल्याणीनं सीडी माझ्या हातात दिली. "बघ निवांत," म्हणाली. कशावर बघू? घरात कॉम्प्युटर कुठं आहे? मघाशी तिची चकचकीत बाजू तोंडासमोर धरून स्वतःची दाढ बघायला गेले. दाढ काही दिसली नाही. जळकुकडं थोबाड मात्र लख्ख दिसलं.